अंजदीवचा किनारा



माणदेशातल्या माणसाने समुद्रावर बोलावे हे थोडे विपरीतच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत वर्तमानपत्रे वाचता वाचता झाले. तेव्हा इतिहासकाराचा आव आणीत नाही. गेल्या वर्षी कारवारला गेलो होतो, तिथले सांगतो.

कारवारच्या दक्षिणेला, बिणग्यासमोर अंजदीव बेट आहे. आपल्या जमिनीच्या इतके जवळ, पण १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचे. त्या वर्षी नोव्हेंबरात बेटावरून 'साबरमती' आगबोटीवर गोळीबार झाला आणि थोड्याच दिवसांत एक मच्छीमार गोळी लागून मेला. १८ डिसेंबरला 'त्रिशूल' आणि 'म्हैसूर' या युद्धनौका बेटासमोर आल्या. नौसैनिकांची पहिली तुकडी निर्वेध किनाऱ्याला लागली. दुसरी होड्यांतून येत असता तिच्यावर गोळ्यांचा वर्षाव झाला. त्याआधी पांढरे निशाण दाखवले होते, अशी आपल्या बाजूची नोंद आहे. ७ जण मेले, १९ जखमी झाले. दुसऱ्या दिवशी बेट ताब्यात आले. किनाऱ्यावर उतरून लढणे हा काही या खलाशांचा रोजचा धंदा नव्हे; सांगितलेले काम केले आणि गेले. मोजणी करताना मी मात्र सुरुवात त्या मच्छीमारापासून करतो.

मला त्या वाळूवर पाय ठेवायचा होता. ते जमले नाही. बेट आता 'कदंब' नौदल तळात आहे. त्या सातांचे स्मारक वास्कोला 'गोमंतक' तळावर, तेही आतच. कारवारच्या चौपाटीवर 'चपल' ही निवृत्त युद्धनौका आणि परमवीरचक्र मिळालेले मेजर राम राघोबा राणे यांचा पुतळा आहे, तिथे पोराबाळांची गर्दी. ते पाहून परतलो.

तळासाठी कारवार आणि अंकोला तालुक्यांतली गावे उठली. मोबदल्याची भांडणे कोर्टात वर्षानुवर्षे चालली. पुनर्वसनाच्या वसाहतीत एक वृद्ध कोळी भेटला. म्हणाला, "तेव्हा मी पोर होतो, भाऊ. तोफा ऐकून आम्ही सगळे वाळूवर धावलो. बेट आपले झाले म्हणून आईने साखर वाटली. पुढे आमचाच गाव गेला."

कोयनेच्या धरणग्रस्तांत मी हिंडलो आहे. हा सूर माझ्या ओळखीचा. विचारले, "मग तेव्हा साखर वाटली ती चूक झाली म्हणता?"

म्हातारा चिडला. "असे कोण म्हणाले? साखर वाटलीच पाहिजे होती. मी माझ्या घराचे बोलतोय."