तारापूरची नोकरी आणि वहिनींचे दोन प्रश्न



मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, बचत जमा झाली, सगळ्या उठल्या. एक वहिनी तेवढ्या मागे थांबल्या. मुलगी बारावी सायन्स झाली आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्रात शिकाऊ उमेदवारांची जाहिरात निघाली की फॉर्म भरणार म्हणते. वहिनी हळूच म्हणाल्या, "ताई, तिथं किरणं असतात ना? उद्या तिला मूलबाळ झालं नाही तर?"

मला उत्तर देता आलं नाही. मी बी.ए. झालेली, मला अणूतलं काय कळणार! तारापूरला १९६९ पासून वीज तयार होते, पुढच्या युनिटांसाठी पोफरण-अक्करपट्टीच्या बायांना घरं सोडावी लागली, एवढं आपल्याला ठाऊक. आत बाई काय काम करते, ते कोण सांगणार?

ओळखीतून ओळख काढत अशी नोकरी केलेल्या एका ताई सापडल्या. वहिनींना घेऊन बोईसरला त्यांच्या घरी गेले.

त्यांनी नीट समजावलं. किरणोत्साराच्या भागात काम करणाऱ्याच्या छातीवर बॅज असतो. अंगावर किती किरणं आली ते त्यावरून मोजतात. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. बाईने दिवस गेल्याचं कळवलं, की पुढे पोटातल्या बाळासाठी कामातून १ मिलिसिव्हर्टची मर्यादा लागते, आणि तिचं काम त्याप्रमाणे ठरवावं लागतं. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. "पण हे कळवल्यावरच लागू होतं," ताई म्हणाल्या. "आपल्या बायका तीन महिने कुणाला सांगत नाहीत. इथं तसं चालत नाही."

मग वहिनींनी विचारलं, "रात्रपाळी आली तर पोर कुणी सांभाळायचं?"

ताई हसल्या. "माझी सासू होती, म्हणून मी टिकले. बरोबरीच्या दोघींनी नोकरी सोडली."

त्यांच्याकडूनच कळलं, की १९७३ साली मुंबईत शास्त्रज्ञ बायकांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या बायकाही तिच्यात आहेत. वाशीला त्यांनी नोकरदार बायकांसाठी वसतिगृह काढलं, पाळणाघर चालवलं. अणुक्षेत्रातल्या बायकांची 'विमेन इन न्यूक्लिअर' ही जगभरची संघटनाही आहे. मला मात्र पाळणाघराचंच जास्त कौतुक वाटलं. एवढ्या शिकलेल्या बायका, आणि त्यांचीही अडचण आपल्यासारखीच!

परत येताना वहिनी रिक्षात गप्प होत्या. घराजवळ उतरताना म्हणाल्या, "दाखले कुठले लागतील?"

आता दाखल्यांची जुळवाजुळव चालू आहे. अशा जाहिरातींत वयाची, टक्क्यांची, कधी उंची-वजनाचीही अट असते, ती आधी वाचून घ्या. दहावीनंतर आयटीआय केलेल्यांसाठीही जागा निघतात. पुस्तकांसाठी गटाने वहिनींना अंतर्गत कर्ज दिलं. शिवाय गटाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर आम्ही एक यादी सुरू केली आहे. प्लांटमध्ये, एमआयडीसीत, दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्या आणि आपल्या मुलींशी बोलायला तयार असलेल्या बायकांची. सध्या तीनच नावं आहेत. तुमच्या गावात अशी कुणी असेल तर तिला विचारून आम्हाला कळवा.