घराचा वीजभार किती?

घरात एसी आला की पहिला प्रश्न किमतीचा निघतो. वायर पेलेल का, हे कुणी विचारत नाही.

हिशेब सोपा आहे. गिझर 2000 वॉट, दीड टनी एसी साधारण 1600, इस्त्री 1000, मिक्सर 750, फ्रिज 200, चार पंखे 300, दहा एलईडी दिवे 90. एकूण 5940 वॉट, म्हणजे जवळपास सहा किलोवॉट. त्याला 230 व्होल्टने भागलं की सुमारे 26 अँपिअर.

अर्थात, गिझर सकाळचा, एसी रात्रीचा. सगळं एकदम क्वचितच चालतं. दिवे-पंखे तर यात किरकोळच!

महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. आपली बेरीज त्याच्याशी ताडून पाहा आणि तो भार कमी पडत असेल, तर एसी बसवण्याआधीच वाढीव भारासाठी अर्ज करा.