तापलेला तापमापक

वैशाखातील भर दुपारी काशीच्या संकठा घाटावर अनवाणी उतरणारा यात्रेकरू पायरीवर पाऊल टेकतो आणि चटकन उचलतो. दगड पोळत असतो. वरच्या अरुंद गल्लीत सावलीला उभ्या असलेल्या माणसाला मात्र तीच हवा सोसवते. मग त्या घटकेचे काशीचे तापमान कोणते म्हणावे?

तापमापक हवेचे तापमान सांगतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो केवळ स्वतःचे तापमान सांगतो. तो आणि हवा सारख्याच उष्ण असतील, तरच त्याची साक्ष खरी. उन्हात टांगलेला तापमापक किरणे शोषून घेतो आणि घाटाच्या पायरीप्रमाणे हवेहून अधिक तापतो. वारा पडलेला असला तर अंगची जादा उष्णता वाहून जात नाही आणि चूक आणखी वाढते.

यावर एकोणिसाव्या शतकात टॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहे बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्याने उपाय शोधला : दुहेरी झडपांच्या भिंतींची, पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी. तीत वारा खेळतो. ऊन शिरत नाही. आपल्याकडे तिचे दार उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे निरीक्षकाने ते उघडले तरी सूर्य आत डोकावत नाही.

वायुभारमापकाची कथा निराळी नाही. उष्णतेने पारा प्रसरण पावतो आणि नळीत उगाच वर चढतो. म्हणून त्याच्या वाचनातून ठरावीक वजाबाकी करावी लागते. ४० अंश उष्णतेत ही वजाबाकी सुमारे साडेसहा मिलिबार भरते. आणि गंगेच्या मैदानावरील पावसाळी न्यूनभार तर अवघ्या काही मिलिबारांच्या फरकाने ओळखायचा असतो!

विद्युत्-यंत्रेही या दोषातून सुटलेली नाहीत. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली. देशभर खळबळ उडाली. पुढे चौकशीत ते यंत्र ३ अंश अधिक दाखवीत असल्याचे आढळले. दुसऱ्याच दिवशी नागपुरातील एका केंद्राने ५६ अंश दाखविले, तेव्हा परिसरातील अन्य केंद्रांवर आकडा ४४च्या आसपास होता. उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की तेथील संवेदक बिघडतो, असा खुलासा हवामान खात्याने केला. म्हणजे ज्या दिवशी यंत्राच्या साक्षीची सर्वांत अधिक गरज, नेमका त्याच दिवशी साक्षीदार भ्रमिष्ट झाला.

हा केवळ शास्त्रज्ञांचा वाद नव्हे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर जाऊन सरासरीहून साडेचार अंशांनी वाढले, म्हणजे उष्णतेची लाट मानली जाते. तेथे ३ अंशांची चूक झाली, तर इशारा अकारण निघेल किंवा निघायचा तो राहून जाईल. शाळा भरवावी की नाही, मजुरांनी दुपारी काम करावे की नाही, हे त्या आकड्यावरून ठरते. आणि खोटा इशारा दोनदा ऐकलेला माणूस तिसऱ्यांदा खऱ्या इशाऱ्याकडेही पाठ फिरवतो.

उन्हाची मोजदाद करणाऱ्याने आधी स्वतः सावलीत बसले पाहिजे. संकठा घाटावरचा यात्रेकरू हे पहिल्याच पायरीवर शिकतो. यंत्रांना मात्र ते माणसानेच शिकवावे लागते.