घरचा संगणक आणि घरचे आवाज
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात छत्रपती संभाजीनगर येथे केलेले भाषण)



घरच्या घरी गाणे मुद्रित करण्यासाठी संगणक कसा असावा, या विषयावर मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त मास्तराने बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. आम्ही तंत्रज्ञ नव्हे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. त्यांतील पुढचे आम्ही, एवढाच आमचा अधिकार.

आमच्या थोरल्या आत्याबाईंना जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांस सिडकोतील आमच्या घरी आणून जुन्या संगणकावर आम्ही साठ ओव्या मुद्रित केल्या. दुसरी प्रत करण्याचे मात्र आज-उद्यावर टाकले. पुढल्या उन्हाळ्यात हार्ड डिस्क अकस्मात बंद पडली. दुरुस्ती करणाऱ्याने हात टेकले. तोवर आत्याबाईही निवर्तल्या होत्या. सूनबाईंच्या मोबाइलमध्ये अकरा ओव्या राहिल्या होत्या, तेवढ्याच आज घरात आहेत. बाकीच्या एकोणपन्नास आमच्या आळसापायी गेल्या.

या ओव्यांचे मोल जाणणारे लोक झाले आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समध्ये जन्मलेले गी प्वातव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांतील पुष्कळशा गाणाऱ्या बायांच्याच आवाजात मुद्रित झाल्या. आपल्या मराठवाड्यातील माजलगावच्या ओव्याही त्यांत आहेत. जे काम त्यांनी परक्यांच्या ओसरीवर बसून केले, ते आपण आपल्या माजघरात का करू नये?

या विचाराने आम्ही नवा संगणक घेण्यास बाजारात गेलो. एका दुकानदाराने लाखाच्या घरातील यंत्र पुढे केले. त्याची निम्मी किंमत खेळांसाठी लागणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची होती. ओवीस त्याचा काय उपयोग? घरी येऊन आम्ही पाटीवर हिशेब मांडला. संगणक आवाजाचे मोजमाप सेकंदास 48,000 वेळा घेतो व प्रत्येक मोजमापास तीन बाइट लागतात. म्हणजे एका मायक्रोफोनच्या तासाभराच्या मुद्रणास सुमारे अर्धा जीबी जागा पुरते. रिकाम्या 500 जीबीत साडेनऊशे तास मावतात!

तेव्हा नवे यंत्र न घेता जुन्याचीच डागडुजी केली. रॅम 4 जीबीची होती, ती 16 केली आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली. तिच्यात फिरणारी तबकडी नसल्याने काम जलद होते व तिची घरघर मायक्रोफोनात उतरत नाही. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-सेवा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. आमचा संगणक विंडोज 11 स्वीकारीना, म्हणून लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घातली. मुद्रणाचा ऑडॅसिटी हा प्रोग्रॅम तीवर चालतो व तोही विनामूल्य आहे. ज्यांच्या घरी तबला, पेटी, तानपुरा व गळा असे अनेक आवाज वेगवेगळे मुद्रित करून जुळवावयाचे असतील, त्यांनी अधिक शक्तीचा प्रोसेसर जरूर घ्यावा. एका गळ्यास त्याची गरज नाही.

वाचलेला पैसा मायक्रोफोन, हेडफोन व ऑडिओ इंटरफेस यांवर खर्चावा. संगणकाच्या अंगच्या मायक्रोफोन-खाचेतून पुष्कळदा खरखर येते. इंटरफेस ती टाळतो आणि कंडेन्सर मायक्रोफोनास लागणारी 48 व्होल्टची वीजही पुरवितो. गाणाऱ्यास स्वतःचा आवाज संगणकातून फिरून उशिरा न येता थेट ऐकू येईल, अशी सोय त्यात असल्याची खात्री करून घ्यावी.

खोलीकडेही लक्ष द्यावे. मुद्रणाच्या वेळी पंखा बंद असावा. आमच्याकडे वैशाखात हे अशक्यच, म्हणून पहाटेची वेळ बरी. रस्त्यावर वाहनेही नसतात. भिंतींवर जाड गोधड्या टांगाव्यात, म्हणजे आवाज घुमत नाही. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूस ठेवावा. वीज जाण्याचे भय असल्यास यूपीएस जोडावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. एसएसडीही एखादे दिवशी न सांगता बंद पडू शकते. म्हणून मुद्रण होताच त्याच दिवशी तीन प्रती कराव्यात: एक संगणकात, दुसरी सुट्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावच्या आप्ताच्या घरी. प्रत्येकीसोबत गाणाऱ्याचे नाव, गाव व तारीख लिहावी. नातवंडांस पुढे आवाज ऐकू येईल, पण तो कोणाचा हे सांगण्यास आपण नसू.

बंधुभगिनींनो, पुढल्या स्नेहसंमेलनास येताना प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांचे तासाभराचे मुद्रण करून ठेवलेले असावे, अशी आमची नम्र विनंती आहे. संगणक पुढल्या दिवाळीत घेतला तरी चालेल. घरात आज गाणारे कोणी असेल, तर हाती असलेल्या मोबाइलवरच आज रात्री आरंभ करावा.