गादीवरचा वारस आणि मनातला तोतया

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका भाषणाचा संपादित मजकूर)



'तोतया' हा शब्द मराठी माणसाला इतिहासाने शिकविला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे काही वर्षांनी 'भाऊसाहेब मीच' असे सांगणारा एक इसम प्रकट झाला. त्याच्या भोवती माणसे जमली, फौज जमली आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. तो खोटा होता, पण काही काळ अनेकांना खरा वाटला. आजच्या विषयातील माणसाची स्थिती नेमकी याच्या उलट आहे. तो खरा असतो, जगही त्याला खरा मानते. परंतु तो स्वतःलाच तोतया समजतो. 'एक दिवस आपले पितळ उघडे पडेल' या धास्तीत तो रोज दुकानाची पायरी चढतो.

या मनोवस्थेला आज 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणतात. अमेरिकेतील पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ महिलांनी १९७८ मध्ये तिचे प्रथम सविस्तर वर्णन केले. शिक्षणात आणि व्यवसायात उत्तम यश मिळविलेल्या स्त्रियांमध्ये त्यांना ती दिसली. पुढील अभ्यासांत ती पुरुषांतही आढळली. हा रोग नव्हे. वैद्यकशास्त्रातील निदानांच्या यादीत त्याला स्थान नाही. ती विचारांची एक सवय आहे. नवे काम समोर आले की भीती वाटते. मग माणूस एकतर गरजेच्या दुप्पट राबतो, नाहीतर टाळाटाळ करून शेवटच्या घटकेला धावतो. काम फत्ते होते, घटकाभर बरे वाटते. पण राबलेला म्हणतो, 'हे नुसत्या कष्टाने जमले, अंगी गुण नाही'. धावलेला म्हणतो, 'नशीब बलवत्तर म्हणून वाचलो.' पुढचे काम येताच तेच चक्र पुन्हा सुरू होते.

हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांचा आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. हिंगोली आणि वसमतची बाजारपेठ हळदीमुळे देशभर ओळखली जाते. हंगामात मोंढ्यात हळदीच्या पोत्यांची थप्पी लागते. अशा वेळी वडिलांच्या पश्चात आडतीच्या गादीवर बसलेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या तरुणाची कल्पना करावी. मुनीम त्याच्या वडिलांच्या वेळचा, हमाल-मापाडी त्याला अंगाखांद्यावर खेळविलेले. वडील हळकुंड मोडून त्याचा आवाज आणि आतला रंग यावरून माल सांगत. मुलगाही तसेच हळकुंड मोडतो, भाव बोलतो, सौदा होतो, शेतकऱ्याची पट्टी वेळेवर चुकती होते. तरी रात्री त्याला वाटते की लोक आपल्याला नव्हे, भिंतीवरील वडिलांच्या तसबिरीला नमस्कार करतात.

पतीच्या निधनानंतर पेढी सांभाळणाऱ्या भगिनीची अवस्था याहून बिकट असते. तिच्या शंकेला चार माणसांचे शब्दही खतपाणी घालतात.

या भावनेचे दुष्परिणाम तिच्या धन्यापुरते मर्यादित राहत नाहीत, म्हणून हा विषय समाजापुढे मांडणे अगत्याचे आहे. स्वतःला तोतया समजणारा मालक प्रश्न विचारत नाही, कारण विचारले तर अज्ञान उघडे पडेल. तो जाणकार माणूस जवळ ठेवत नाही, कारण त्याच्यापुढे आपण उणे दिसू. तो निर्णय लांबणीवर टाकतो. भाव उतरतो आणि शेतकरी ताटकळतो. लपविलेल्या भीतीची किंमत अशा रीतीने इतरांना मोजावी लागते.

व्यापाऱ्याला हा दोष त्याच्याच भाषेत सांगता येतो. ही चोपडी चुकीची लिहिली जाते. तोटा झाला की तो स्वतःच्या नावे पडतो आणि नफा झाला की तो दैवाच्या खाती जमा होतो. अशा वहीचा ताळमेळ कोणता मुनीम लावू शकेल? खरी खतावणी दोन्ही बाजूंची असते. नशिबाचा वाटा नशिबाला द्यावा, वडिलांच्या पुण्याईचा वाटा वडिलांना द्यावा. पण स्वतःच्या कष्टाची आणि समजुतीची रक्कमही जमेच्या बाजूस प्रामाणिकपणे लिहावी. तो अहंकार ठरत नाही, तो हिशेब होय.

योग्यता आधी पूर्ण करून मग मोठे काम हाती घ्यावे, असा नियम थोर उद्योजकांच्या चरित्रात आढळत नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांच्याजवळ स्थापत्यशास्त्राची पदवी नव्हती. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांना भागीदार करून ते रेल्वेचे कंत्राटदार झाले आणि पुढे बोरघाटातील बोगद्यांच्या कामापर्यंत पोहोचले. समुद्रव्यापार त्यांच्या घराण्यात नव्हता; तरी ५ एप्रिल १९१९ रोजी सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना उभा राहिला, तोही म्हैसूर सरकार आणि परदेशी जाणकार यांना सोबत घेऊन. सर्व विद्या स्वतःच्या अंगी असणे ही नेतृत्वाची अट नसून, ज्याला जे येते त्याला त्या जागी बसविणे हे नेत्याचे काम होय, एवढा बोध यातून घेता येतो.

दुसरे उदाहरण अधिक जवळच्या काळातील आहे. जळगाव जिल्ह्यातील वाकोद येथे १९३७ मध्ये जन्मलेले भवरलाल जैन यांनी सरकारी अधिकारपदाची संधी बाजूला ठेवून १९६३ मध्ये कुटुंबाच्या साठविलेल्या सात हजार रुपयांवर रॉकेलचा व्यापार मांडला. १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा कारखाना घेऊन तेथे पपईच्या चिकापासून पॅपेन तयार केले. पुढे पाईप आणि ठिबक सिंचन यांनी त्यांचे नाव जगभर नेले. नव्वदच्या दशकात मात्र वित्त, संगणक, ग्रॅनाइट अशा अनोळखी क्षेत्रांत कंपनी शिरली आणि मोठ्या संकटात सापडली. त्या वेळी भवरलालजींनी चूक जाहीरपणे मान्य केली, पसारा आवरला आणि पुन्हा शेती व पाण्याकडे वळले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा लोकांनी ती चूक नव्हे, शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचलेले पाणी आठवले. चूक कबूल केल्याने माणूस तोतया ठरत नाही. उलट जो चूक कबूल करू शकतो, त्याच्याजवळ झाकण्यासारखे काही उरत नाही.

येथे प्रतिक्रमणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. घडलेला दोष नेमका ओळखणे, त्याची आलोचना करणे आणि पुन्हा मार्गावर परतणे, असा तो क्रम आहे. 'आपण मुळातच नालायक' असे घोकत राहणे हे प्रतिक्रमण नव्हे. मार्दव म्हणजे मानाचा त्याग. स्वतःविषयी खोटे उणे बोलणे म्हणजे मार्दव नव्हे. स्वतःला अवाजवी मोठे मानणारा आणि अवाजवी लहान मानणारा, दोघेही अखंड स्वतःकडेच पाहत असतात.

उपाय साधे आहेत. महिन्याकाठी एक पान काढून स्वतः घेतलेले निर्णय, त्यांची कारणे आणि परिणाम लिहावेत. जे खरोखर येत नाही, जसे जीएसटीचे विवरण किंवा वायदेबाजार, ते शिकावे किंवा जाणकाराकडे सोपवावे. खऱ्या उणिवेवर शिक्षण हाच इलाज आहे. एका विश्वासू मित्राशी किंवा वडीलधाऱ्याशी मन मोकळे करावे. बहुधा त्यालाही कधीकाळी हीच धास्ती वाटली होती, असे कळेल. झोप उडाली, अन्न गोड लागेना आणि हे आठवडेच्या आठवडे चालले, तर संकोच न करता डॉक्टरांकडे जावे. शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठीच आहे.

ज्येष्ठांनाही एक विनंती आहे. 'तुझ्या वडिलांची सर तुला यायची नाही' हे वाक्य मोंढ्यात आणि घरात फार सहज उच्चारले जाते. त्याऐवजी 'आजचा सौदा तू बरोबर केलास' एवढे म्हटले, तर त्या तरुणाच्या वहीत जमेची पहिली नोंद होईल.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद त्यापूर्वीही अस्सल होतीच. मानांकनाने फक्त तिची नोंद झाली. आपल्या तरुण उद्योजक बंधू-भगिनींनीही स्वतःच्या अस्सलपणाची नोंद करावी आणि निर्भय मनाने गादीवर बसावे, हीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी शुभकामना.

जय जिनेंद्र!