भुताच्या गोष्टी आणि त्या सांगणारे

भुताची गोष्ट ऐकावी तर ती खेड्यातच, असं आपण समजतो. कंदील हवा, पारावरचा वड हवा आणि दूर कुठंतरी कुत्रं रडायला हवं. आमच्या मुलुंडला यातलं काही नव्हतं. रात्री उशिरापर्यंत लोकलचा खडखडाट आणि जिन्यात विजेचा दिवा. तरीसुद्धा चाळीच्या गॅलरीत बसून नारायण धारपांचं पुस्तक वाचलं, की पाणी प्यायला आत जायचा मला धीर होत नसे. लायब्ररीत धारपांसाठी नंबर लावावा लागे.

हे धारप १९२५ साली जन्मले, २००८ साली वारले. भयकथा लिहून मराठी वाचकाला त्यांच्याइतका घाम क्वचितच कुणी फोडला असेल. पुढे मी मास्तर झालो. पावसाळ्यात शेवटच्या तासाला दिवे गेले, की त्यांच्याच गोष्टी वर्गात रंगवून सांगू लागलो.

एक दिवस एका विद्यार्थिनीनं मला जिन्यात गाठलं. २०१८ साली आलेला ‘तुंबाड’ चित्रपट पाहून तिला धारपांचा नाद लागला होता, कारण त्या चित्रपटाची ठिणगी धारपांच्या एका कथेतून पडली. ती म्हणाली, “सर, ‘लुचाई’ ही स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे. तुम्हांला माहीत होतं?”

माहीत होतं, पण वर्गात मी ते कधी सांगितलं नव्हतं. खरं बोलायचं तर गोष्टीचा रंग उतरेल याची धास्ती वाटे. तेव्हा धारपांना बोल लावायला मी कोण?

परक्या मुलखातली गोष्ट आपल्या मातीत लावणं मला मुळीच गैर वाटत नाही. देवलांनी १८९० साली शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला आणि तो आपलाच झाला. पण रोप कुणाच्या वाफ्यातलं, हे सांगायला हवं. आम्हां गॅलरीतल्या वाचकांपर्यंत किंगचं नाव कितीतरी वर्षं पोचलंच नव्हतं.

पोरगी तेवढ्यावर थांबली नाही. किंगनं ज्याचं ऋण स्वतःच मानलं आहे, त्या लव्हक्राफ्टपर्यंत जाऊन पोचली. हा अमेरिकन लेखक १८९० ते १९३७ या काळातला. कल्पना अचाट, समुद्राच्या तळाशी निजलेले देव त्यानं उभे केले. पण न्यूयॉर्कला राहत असताना गोदीच्या वस्तीतले परदेशी, सावळे लोक पाहून त्याला किळस आली. १९२७ साली छापलेल्या ‘द हॉरर ॲट रेड हुक’ या कथेत ती किळसच भय होऊन उतरली आहे. माणूस वाईट पण लिखाण चांगलं, अशी वाटणी इथं करता येत नाही. भीतीचं मूळच त्या द्वेषात आहे.

“म्हणजे सर, त्याच्या गोष्टीतलं भूत आपणच?” तिनं विचारलं. मी चष्मा पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात एक हकिगत सांगितली. अद्भुतकथांसाठी दिला जाणारा ‘वर्ल्ड फँटसी अवॉर्ड’ म्हणजे १९७५ पासून लव्हक्राफ्टच्या डोक्याची मूर्ती. २०११ साली तो नेडी ओकोराफोर या नायजेरियन वंशाच्या लेखिकेला मिळाला. जो आपल्यासारख्यांना माणूसच मानत नव्हता त्याचंच डोकं आपला सन्मान म्हणून घरात, हे तिनं उघडपणे लिहिलं. पुढे वाद वाढला आणि २०१५ साली ती मूर्ती बंद केल्याचं जाहीर झालं. पुस्तकं मात्र कुणी जाळली नाहीत.

वर्गात लगेच दोन तट पडले. “मूर्ती काढली ते बरंच झालं,” असं बहुतेकांचं मत. “मग पुस्तकं तरी कशाला ठेवायची?” असं मागच्या बाकावरच्या एकाचं. मला त्याला पटेल असं उत्तर देता आलं नाही. मला स्वतःला त्या गोष्टी अजून वाचाव्याशा वाटतात, एवढंच मी कबूल केलं.

त्या मुलीनं शाळेतल्या ‘लुचाई’च्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं किंगचं नाव, कादंबरीचं नाव आणि साल लिहिलं. पुस्तकावर काही लिहू नये हा नियम त्या दिवशी मी पाहिला न पाहिल्यासारखा केला. माझ्याकडचं लव्हक्राफ्टचं पुस्तक ती घरी घेऊन गेली आहे. ते अजून परत आलेलं नाही.