तीन मिनिटांची तबकडी

श्रोतेहो, आमच्या बेटेगावाहून बोईसर स्थानक गाठून विरारकडची गाडी धरणाऱ्या तरुण मंडळींच्या कानांत हल्ली अष्टौप्रहर काही ना काही वाजत असते. त्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मुखडा पुरता येण्याआधीच अंगठ्याने पुढच्या गाण्याला हुकूम सोडण्याच्या सवयीविषयी.

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी ग्रामोफोनच्या तबकडीवर ऐकून, तसेच आपल्याला गाता यावे या एका ध्यासापायी १९३३ साली गदगच्या अकरा वर्षांच्या भीमसेन जोशींनी घर सोडले, आणि ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर असे बारा गावचे पाणी पिऊन अखेरीस ते कुंदगोळच्या सवाई गंधर्वांपाशी, म्हणजे त्याच खाँसाहेबांच्या शिष्यापाशी, पोहोचले, हे आपण जाणताच. मला बोलायचे आहे ते त्या तबकडीविषयी. तिच्या एका बाजूची मुदत तीन-सव्वातीन मिनिटांची. एकेका स्वरावर निवांत विसावणाऱ्या खाँसाहेबांना तेवढ्यात सारे मांडावे लागले, म्हणून तिथे पाल्हाळास जागाच उरली नाही. ऐकणाऱ्याला दर खेपेस चावी भरावी लागे, सुई बदलावी लागे. एवढा खटाटोप केल्यावर गाणे मध्येच उठवण्याची बुद्धी सहसा कोणास होत नसे.

आमच्याकडचा डहाणू-घोलवडचा चिकू पाहा. नखाने खरवडून खाली हिरवे दिसले तर तो झाडावरून उतरवायचाच नसतो. तयार झाल्यावर उतरवला तरी तो टणकच असतो. मग तो पेंढ्यात घालून ठेवायचा आणि विसरायचा. दर तासाला दाबून पाहणाऱ्या उतावळ्याच्या घरी चिकू डागाळतात, पिकत नाहीत. तबकडीही आधी पारखून घ्यावी, मग मनात मुरू द्यावी. पुन्हा सांगतो, कारण नेमके हेच निसटते: पुष्कळ ऐकू नका, तेच पुष्कळदा ऐका.

यावर कोणी म्हणेल, अशाने नकलाकार निपजतील. शंका रास्त आहे. बालवयातील कुमार गंधर्व तबकड्या ऐकून एकेका बुजुर्ग गवयाची गायकी हुबेहूब उभी करीत; अकरा-बाराव्या वर्षी मुंबईच्या जिना हॉलमधील श्रोते त्याने थक्क झाले होते. पण ते पिकलेपण नव्हे. पेंढ्याची ऊब अजून लागायची होती. ती लागली प्राध्यापक देवधरांच्या संगीत विद्यालयात, जिथे त्या मुलाला हळूहळू... पण ते सांगू लागलो तर आणखी अर्धा तास हवा, आणि काचेपलीकडून निवेदकांची खूण झाली आहे. देवधरांचा विषय पुढे कधी बोलावणे आले तर.

तूर्त एवढीच विनंती, की आज परतीच्या गाडीत एकच गाणे लावा; सफाळे येवो, केळवे रोड येवो, पालघर येवो, तेच पुन्हा. बोईसरला उतरेपर्यंत अंगठा खिशात ठेवा.